ओली वाळू आपली, कोरडी वाळू कासवाची

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात चार पायांचं एक शेंडेफळ आहे आणि ज्यांच्या मोबाइलवर हिवाळ्यातल्या कोकण ट्रिपचं बुकिंग येऊन पडलंय.

पुण्याच्या एका मैत्रिणीची व्हॉइस नोट आली होती. ती म्हणते, "आम्ही आमच्या लॅब्रॅडोरला घेऊन डिसेंबरात गुहागरला चाललोय. बीचवर लांबवर चालायचा प्लॅन आहे. तिकडे गर्दी नसते, किनारा रिकामाच असतो. मग पट्टा सोडला तर चालेल ना?"

प्रश्न साधा आहे आणि उत्तरही साधं आहे. नाही चालणार. पण नुसतं 'नाही' म्हणून मी माइक बंद केला तर कोण ऐकणार? म्हणून आज ते 'नाही' जरा नीट उलगडून बघू. आणि पट्टा हातात ठेवूनही कुत्र्याला घेऊन किनाऱ्यावर पोटभर कसं चालता येतं, तेही सांगतो. भाग संपेपर्यंत तुमच्याकडे एक छोटं वेळापत्रक तयार असेल. चला, सुरू करू.

किनारा रिकामा असतो का?

गुहागर ज्यांनी पाहिलंय त्यांना चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. पाच-सहा किलोमीटरची जवळजवळ सरळ वाळू. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, त्यामागे नारळी-पोफळीची आगरं. सकाळी गेलात तर मैलभर माणूस दिसत नाही. आपल्याला वाटतं, व्वा, सगळा किनारा आपलाच!

आता हाच किनारा तुमच्या कुत्र्याच्या नाकाने 'बघा'. रात्री इथून कोल्हा गेलाय. खेकड्यांनी शेकडो बिळं केलीत. कुठेतरी मेलेला मासा आहे. आणि सुरूच्या बाजूला, कोरड्या वाळूत, हातभर खोल खड्ड्यात शंभरेक अंडी असू शकतात. ती घालणारी मादी रात्रीच समुद्रात परत गेलेली असते. आपल्या डोळ्यांना तिथे नुसती वाळू दिसते. कुत्र्याला मात्र तिथे काहीतरी पुरलेलं आहे हे दुरूनच कळतं.

ही अंडी ऑलिव्ह रिडली कासवांची. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या माद्या कोकणच्या किनाऱ्यावर येतात. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात, म्हणजे पिल्लांचा हंगाम थेट मेपर्यंत चालतो. आता कॅलेंडर उघडा आणि बघा. दिवाळीनंतरची सुट्टी, ख्रिसमस, न्यू इयर, सव्वीस जानेवारीचा लाँग वीकेंड, होळी. आपला फिरायचा सीझन आणि त्यांचा अंडी घालायचा सीझन एकच आहे.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी वाचवायला सुरुवात केली. पुढे आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी किनाऱ्यांवर वन विभाग आणि गावातले कासवमित्र हे काम करू लागले. कासवमित्र म्हणजे भल्या पहाटे किनारा पायी तुडवणारी, कासवाचा माग शोधणारी आणि अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत सुरक्षित नेणारी माणसं.

ही कासवं किती दूरची असतात, याचा एक किस्सा सांगतो. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीला टॅग लावला होता. ती मादी २०२५ मध्ये चक्क गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली! बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात. देशाला वळसा घालून ती इथवर येणार, रात्री खपून खड्डा खणणार, अंडी घालून अंगाने वाळू दाबून बसवणार आणि निघून जाणार. आणि सकाळी साडेसहाला आपला मोकळा सोडलेला 'बडी' पाच मिनिटांत तो खड्डा उकरणार. एवढंच गणित आहे.

"पण माझा कुत्रा अंडी खात नाही!"

हे मला हमखास ऐकायला मिळतं. "आमचा तर चिकनसुद्धा उकडलेलंच खातो." मान्य. पण खाण्याचा प्रश्न नंतरचा, आधी उकरण्याचा आहे. कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. घातल्यानंतर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटून वाढायला लागतो. त्यानंतर ते अंडं उलटंपालटं झालं तर गर्भ मरू शकतो. म्हणून तर कासवमित्र अंडी हलवताना ती ज्या बाजूने होती तशीच अलगद उचलतात आणि शक्य तितक्या लवकर हलवतात. कुत्र्याने एकही अंडं न फोडता नुसता खेळ म्हणून खड्डा उकरला, तरी घरटं जाऊ शकतं. शिवाय उघडं पडलेलं घरटं कावळे, कोल्हे, घोरपडी कशाला सोडतील?

आणि हो, ऑलिव्ह रिडलीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. वाघाला जे, तेच. अंड्यांना हात लावणं हा गुन्हा आहे. "कुत्र्याने केलं, मी काय करू" ही सबब कुणाला देता येईल असं मला तरी वाटत नाही.

आता यात कुत्र्याला व्हिलन करू नका हं. तेच नाक कामालाही लावता येतं. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर पाद्रे आयलंड नावाचं एक सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे केम्प्स रिडली ही आपल्या ऑलिव्ह रिडलीची सख्खी चुलत बहीण अंडी घालते. तिथल्या कासव-शास्त्रज्ञ डोना शेव्हर यांच्याकडे केर्न टेरियर जातीचा एक छोटासा कुत्रा होता, नाव 'रिडली रेंजर'. माणसांना जी घरटी सापडायची नाहीत, ती तो वासावरून शोधून द्यायचा! त्याला तसं शिकवलं होतं. जागा सापडली की पुढचं काम माणसांचं.

मला ही विभागणी फार आवडते. शोधणं कुत्र्याचं काम, थांबवणं आपलं. या दोन गोष्टींच्या मध्ये जो असतो, तो पट्टा.

गावातली कुत्री तर मोकळीच असतात

आता खरा वाद. तुम्ही म्हणाल, "अहो, गुहागरच्या किनाऱ्यावर दहा गावठी कुत्री मोकळी फिरतायत. माझ्या एकाला बांधून काय फरक पडणार?"

प्रश्न रास्त आहे. गावातली मोकळी कुत्री घरटी उकरतात, हे खरं आहे. म्हणूनच अंडी हॅचरीत न्यावी लागतात. पण ही कुत्री किनाऱ्यावर का जमतात, याचा विचार करा. वडापावचे कागद, चिप्सची पाकिटं, माशाच्या थाळीतलं उरलंसुरलं, आणि "अले अले, किती गोड!" म्हणत टाकलेली बिस्किटं. ही सोय कोण करतं? आपण पर्यटक. सुट्टीत जेवण मिळतं म्हणून कुत्री किनाऱ्याला सरावतात. सुट्टी संपते, आपण पुण्या-मुंबईला परततो, जेवण बंद होतं आणि भूक शिल्लक राहते. मग रात्री वाळूत काहीतरी पुरल्याचा वास येतो.

म्हणजे गावच्या कुत्र्याकडे बोट दाखवताना आपल्या हातातला बिस्किटपुडा आधी बघायला हवा. किनाऱ्यावर कुत्र्यांना खायला घालू नका. दया आली असेल तर गावात, ज्या घराचा कुत्रा आहे त्या घरच्यांना विचारून, घराजवळ घाला.

दुसरं म्हणजे तुमचा कुत्रा तिथे पाहुणा आहे. तो मोकळा धावला की गावातली टोळी त्याच्यामागे धावणार. म्हणजे एकाच्या जागी सात कुत्री कोरड्या वाळूत शिरली. पट्ट्यात असला की तुम्ही त्याला घेऊन शांतपणे निघून जाऊ शकता. टोळी अंगावर आली तर पळू नका, आरडाओरडा करू नका आणि लहान कुत्र्याला घाईने उचलून डोक्यावर धरू नका, उड्या तुमच्यावर पडतील. स्वतः मध्ये उभे राहा, पट्टा आखूड करा, हातात काठी असेल तर जमिनीवर टेकवा आणि सावकाश त्यांच्या हद्दीबाहेर पडा. बहुतेक वेळा भुंकण्यावरच भागतं.

मग चालायचं कुठे आणि केव्हा?

आता कामाचा भाग. वही नको, लक्षात राहील असंच सांगतो.

कासव अंडी कुठे घालतं? भरतीचं पाणी जिथवर पोचतं, त्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत. कारण खाली घातली तर पाण्यात जातील. म्हणजे भरतीच्या रेषेच्या खाली, ओल्या आणि घट्ट वाळूत घरटं नसतं. तुमच्या कुत्र्यासाठीही ओली वाळू चांगली. पंजे भाजत नाहीत, पाय रुतत नाहीत, चालायला दम लागत नाही. म्हणून आजचा मंत्र: ओली वाळू आपली, कोरडी वाळू कासवाची. किनाऱ्यावर उतरताना एकदाच, गावातल्या रुळलेल्या वाटेने, पट्टा आखूड धरून कोरडी वाळू ओलांडायची आणि थेट ओल्या वाळूवर यायचं. परतताना त्याच वाटेने वर.

पण ओली वाळू सगळा दिवस नसते ना! पूर्ण भरतीला ती पट्टी पाण्याखाली जाते आणि आपण नकळत वर सरकतो. म्हणून भरती-ओहोटी बघून निघायचं. मोबाइलवर टाइड चार्ट मिळतो, तो बघाच. पण कोकणातल्या जुन्या जाणत्यांचा एक हिशोब आहे, तो नेटवर्क नसतानाही चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं. येईल तो आकडा म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

उदाहरण घेऊ. चतुर्थी. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. रात्री तीनच्या सुमाराला भरती, सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. म्हणजे संकष्टीच्या सकाळी सात ते नऊ पाणी खाली उतरत असतं, ओल्या वाळूचा रुंद रस्ता तयार. घरात आईला संकष्टी विचारायची आणि बॅग भरायची! आता पौर्णिमा. पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. दुपारी सव्वाअकराच्या सुमाराला भरती, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी फिरा. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी, त्यामुळे किनारा लांबवर उघडा पडतो. आणि अष्टमी-नवमी? सकाळी सहा-सातला भरती, संध्याकाळीही सहा-सातला भरती. त्या दिवशी किनाऱ्याचा हट्ट सोडा आणि गावातल्या वाटांनी फिरा. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं धरून चाला.

आता घड्याळ. माद्या रात्री येतात. पिल्लंही बहुतेक करून उन्हं कलल्यावर, रात्री किंवा पहाटे बाहेर पडतात. म्हणून अंधारात कुत्र्याला घेऊन किनाऱ्यावर जायचंच नाही. अजिबात नाही. पहाटे कासवमित्रांची फेरी होते, माग सापडला तर अंडी हलवली जातात. त्यांचं काम उरकू द्या. उजाडल्यावर, सातनंतर उतरा आणि नऊ-साडेनऊपर्यंत परत या. संध्याकाळी साडेचारनंतर निघा आणि सूर्य बुडायच्या आत वर या. सूर्यास्ताचा फोटो वरच्या रस्त्यावरूनही छान येतो. आणि मोबाइलचा फ्लॅश, टॉर्च, रील काढायचा लाइट वाळूवर मारू नका. पिल्लं समुद्राच्या उजेडाकडे बघून वाट धरतात, भलता उजेड दिसला तर ती उलट्या दिशेला चालू लागतात.

सहा फूट

पट्टा किती लांब? अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत नियमच आहे, जास्तीत जास्त सहा फूट. कॅलिफोर्नियातल्या पॉइंट रेज या सागरी उद्यानात काही किनाऱ्यांवर कुत्रा नेता येतो, पण पट्ट्यात. आणि जिथे स्नोई प्लव्हर नावाचा चिमणीएवढा पक्षी वाळूत घरटं करतो, तिथे किनाऱ्याचे काही भाग कुत्र्यांना बंद असतात.

हा पक्षी तुम्हाला परका वाटेल, पण त्याचा भाऊबंद आपल्याकडे येतो. केंटिश चिखल्या. हे दोघं इतके सारखे की २०११ पर्यंत पक्षीतज्ज्ञ त्यांना एकाच जातीत धरायचे. हिवाळ्यात कोकणच्या ओल्या वाळूवर टुणटुण धावणारे, थांबणारे, पुन्हा धावणारे जे भुरे-पांढरे गोळे दिसतात ना, त्यांत हा असतो. त्याच्याबरोबर मध्य आशियातून आलेले बाकीचे चिखलेही असतात. ओहोटी हीच त्यांची जेवणाची वेळ. परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असते. कुत्रा थव्यावर धावला की आपल्याला व्हिडिओ मस्त मिळतो, थव्याला मात्र जेवण सोडून उडावं लागतं. एका सकाळी असे दहा 'मस्त व्हिडिओ' झाले, तर त्या पक्ष्याने खायचं कधी? म्हणून थवा दिसला की लांबून वळसा घाला, पाण्याच्या उलट बाजूने, पण कोरड्या वाळूत न शिरता. जागा नसेल तर दोन मिनिटं थांबा. तेच पुढे सरकतात.

आपल्याकडच्या किनाऱ्यावर सहा फुटांची पाटी नाही. पण आकडा चांगला आहे, घेऊन टाका. सहा फुटांत कुत्र्याला हुंगता येतं, वळता येतं, आणि त्याचे पुढचे पंजे उकरायला लागले की आपण एका पावलात पोचतो. ते बटण दाबल्यावर पंधरा फूट सुटणारे पट्टे इथे नकोत. त्यांच्यात वाळू आणि मीठ गेलं की ऐन वेळी लॉक लागत नाही. गळ्यात कॉलरपेक्षा छातीचा हार्नेस बरा.

आणि एक गोष्ट अगदी ठळक सांगतो. कुत्रा लाटेत गेला तर त्याच्यामागे उडी मारू नका. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात बिग लगून नावाच्या किनाऱ्यावर एका कुटुंबाचा कुत्रा लाटेत ओढला गेला. त्याला वाचवायला एकामागोमाग मुलगा, वडील आणि आई पाण्यात गेले. तिघंही दगावले. कुत्रा आपला आपण बाहेर आला. चार पाय आणि पोहण्याची उपजत समज त्याच्याकडे असते. तुम्ही किनाऱ्यावर उभं राहून हाक मारत राहा, मदतीला माणसं बोलवा. अर्थात पट्टा हातात असेल तर ही वेळच येणार नाही.

कुत्र्याची तब्येत

कोकणातला डिसेंबर आपल्याला 'थंड' वाटतो, पण दुपारी पारा तिशी पार करतो आणि हवा दमट असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा, आणि दमट हवेत तो पंखा नीट चालत नाही. हस्की, गोल्डन, पग, बुलडॉग यांना जास्त जपा. तळहाताची मागची बाजू वाळूवर पाच-सात सेकंद टेकवा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतो.

पाणी सोबत ठेवा, घडीचं भांडं ठेवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी प्यायला लागतो. मग उलट्या आणि जुलाब, आणि जास्त प्यायला तर जिवावर बेततं. वाहून आलेल्या जेलीफिशपासून दूर ठेवा. केंड मासा ओळखायला शिका, तो फुगणारा, फुग्यासारखा. जाळ्यात आलेला केंड मच्छीमार वाळूवर टाकून देतात. तो विषारी असतो, मेल्यावरही. कुत्र्याने चावला आणि तो लडखडायला लागला किंवा लाळ गाळायला लागला, तर वाट बघत बसू नका, तडक डॉक्टरकडे न्या. गावात जनावरांचा दवाखाना कुठे आहे, हे पोचल्या दिवशीच होम-स्टेवाल्या काकांना विचारून ठेवा.

परत आल्यावर गोड्या पाण्याने पाय आणि पोट धुवा, कान पुसा, बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे गोचीड बघा.

लसीकरण पूर्ण करूनच निघा. रेबीज तर हवीच, डिस्टेंपरचीही हवी. हे तुमच्या एकट्या कुत्र्यासाठी नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले, आणि त्यांतल्या काहींमध्ये कुत्र्यांमधला डिस्टेंपरचा विषाणू सापडला. ते निदान आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झालं होतं. किनाऱ्यावर रात्री फिरणारा कोल्हा हाही कुत्र्याच्याच कुळातला. म्हणूनच फणसाडसारख्या अभयारण्यात कुत्रा न्यायचा विचारही करू नका. तिथे मनाई असते आणि ती योग्य आहे.

गावाशी वागणं

किनारा म्हणजे कोणाच्या तरी कामाची जागा. वाळत घातलेली जाळी, ओढून ठेवलेल्या होड्या, सुकत घातलेली मासळी. कुत्रा जाळ्यावर पाय वर करायला गेला की तुमचा सहा फुटांचा पट्टा कामाला येतो. वाडीतल्या पाखाडीने जाताना घरापुढच्या अंगणात कोंबड्या असतात. एक कोंबडी गेली तर पैसे देऊन भरपाई होते, पण पुढच्या वेळी त्या वाडीत कुत्रेवाल्यांना कोणी खोली देत नाही.

शी उचला. पिशवीत घ्या आणि सोबत परत न्या. वाळूत पुरणं म्हणजे उचलणं नव्हे. कुत्र्याच्या शीतून हुकवर्मच्या अळ्या वाळूत येतात आणि अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या कातडीत शिरतात. त्याच वाळूत गावातली पोरं दिवसभर खेळतात.

रेल्वेने जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. सोबत कुत्रा फक्त फर्स्ट क्लासमध्ये, अख्खी कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. स्लीपर, थ्री एसी, टू एसीमध्ये नाही.

माग दिसला तर?

समजा तुम्ही चालताय आणि कुत्रा एकदम कोरड्या वाळूकडे ओढायला लागला. नाक खाली, शेपूट ताठ. समोर समुद्रातून वर गेलेला आणि परत आलेला एक पट्टा दिसतोय, सत्तर-ऐंशी सेंटीमीटर रुंद, छोट्या ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा. आणि वरच्या टोकाला वाळू विस्कटलेली.

काय करायचं? पट्टा आखूड करा. कुत्र्याला बसवा आणि शाबासकी द्या, त्याने काम केलंय. मागावर पाय देऊ नका, वाळू हातानेही उकरू नका, काठी खुपसून बघू नका. लांबून एक फोटो काढा, लोकेशन पिन टाका. होम-स्टेवाल्यांना किंवा किनाऱ्यावरच्या कोणालाही सांगा, कासवमित्राचा नंबर गावात सगळ्यांकडे असतो. नाहीतर वन विभागाची हेल्पलाइन लावा, १९२६. आणि हो, तो फोटो लोकेशनसकट इन्स्टावर लगेच टाकू नका. अंडी सुरक्षित हलवली असं कळल्यावर टाका, खुशाल टाका.

जखमी कासव दिसलं तरीही हेच. त्याला ढकलत समुद्रात नेऊ नका. सावली करा, कुत्री लांब ठेवा, फोन करा.

हजार पिल्लांतलं जेमतेम एखादं मोठं होतं, असा अंदाज सांगतात. म्हणजे एका घरट्यातल्या शंभर पिल्लांमधून एकही मोठं होईल याची खात्री नाही. पण ज्या घरट्यात पुढची मादी आहे ते नेमकं कुठलं, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक घरटं जपायचं.

तर मैत्रिणी, लॅब्रॅडोरला गुहागरला ने. जरूर ने. संकष्टीची सकाळ गाठ, ओल्या वाळूने चाल, सहा फुटांचा पट्टा आणि पाण्याची बाटली घे. त्याला मन भरून हुंगू दे. चालून झालं की आंघोळ घाल, आणि मग दोघं दुपारभर ओटीवर पंख्याखाली ताणून द्या.

आजचं वेळापत्रक पुन्हा एकदा, स्क्रीनशॉट काढणाऱ्यांसाठी:

तिथी गुणिले पाऊण म्हणजे भरती, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी.
सकाळी सात ते साडेनऊ किंवा साडेचार ते सूर्यास्त, जेव्हा ओहोटी जुळेल तेव्हा.
पट्टा सहा फूट, वाळू ओली.
अंधारात किनाऱ्यावर कुत्रा नाही, फ्लॅश नाही, बिस्किटं नाहीत.
माग दिसला की १९२६.

तुम्ही कुत्र्याला घेऊन कोकणात कुठे फिरलात, कोणत्या गावाने कसं स्वागत केलं, व्हॉइस नोट पाठवा. भुंकण्यासकट चालेल. आणि हा भाग तुमच्या त्या मित्राला पाठवा, जो प्रत्येक ट्रिपला म्हणतो, "अरे सोड ना त्याला, काय होतंय!"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या. नमस्कार!